बोटीवरच्या मुलीची चौकशी

माझी चौकशी सुरू झालीय हे मला घरच्या कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते दूध घालणाऱ्या पिराजीनं. मी सुट्टीवर कोल्हापूरला आले होते. सकाळी पातेलं घेऊन दारात गेले, तर त्यानं माप हातात तसंच धरून आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. पिराजीचा आवाज खाली येतो म्हणजे शाहूपुरीतल्या फक्त दोन गल्ल्यांना ऐकू जातो.

"ताई, एक बाई इचारत हुत्या. तुमच्यातली पोरगी मासं खाती का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मी दूध घालतोय, मासं न्हाय घालत."

मुलगी बघायला पाहुणे येतात तो आमच्यात नुसता चहाचा कार्यक्रम. खरी परीक्षा चौकशीची. ती दूधवाल्याकडे होते, किराणा दुकानात होते, बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन देवळाच्या, पायरीवर होते, समोरच्या शालूबाईंच्या ओट्यावर तर बसून होते. नियम एकच. जिची चौकशी आहे तिला सोडून बाकी सगळ्या गावाला विचारायचं. मुलगी बँकेत किंवा शाळेत असली तर काम सोपं. माझी पंचाईत अशी, की मी गोव्यातल्या एका समुद्र संशोधनाच्या संस्थेत आहे आणि वर्षातले कितीतरी आठवडे बोटीवर असते. तिथं फोन लागत नाही आणि समुद्रात किराणा दुकानही नाही. त्यामुळे माझ्याविषयी विचारायचं कुणाला, हे कुणाला कळत नाही. आणि जिथं विचारता येत नाही तिथं काहीतरी काळंबेरं असणारच, हे जयसिंगपूर ते कोल्हापूर सगळ्यांना पक्कं माहीत आहे.

स्थळ जयसिंगपूरचं होतं. मुलगा सम्मेद, शेतीच्या अवजारांचा धंदा, आईवडील नाहीत, लहानपणापासून आत्यानं वाढवलेला. आत्याला सगळं गाव आक्का म्हणतं. बघायला आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं ते ठरलेलंच, म्हणजे बोटीवर स्वयंपाक कोण करतं, दिवस मावळायच्या आत जेवण मिळतं का, कांदा-बटाटा नसलेलं काही असतं का. सम्मेद गप्प होता. जाताना जिन्यावर त्यानं एकच विचारलं, "आणि ते वर आलंच नाही तर?" त्या एका प्रश्नासाठी मला तो आवडला. खोटं कशाला बोलू.

'ते' म्हणजे मूरिंग. समुद्रात तळापासून वरपर्यंत उभा ताणून ठेवलेला दोर. खाली वजन म्हणून रेल्वेची जुनी चाकं, वर ताणून धरायला पिवळे तरंगते गोळे, मध्ये ठिकठिकाणी पाण्याचा प्रवाह आणि तापमान मोजणारी यंत्रं. सगळ्यात वरचा गोळासुद्धा पाण्याखालीच असतो, नाहीतर मासेमारीच्या जाळ्यांत सापडतो. वर्षभर हा दोर कुणाच्या नजरेला न पडता तिथं उभा राहतो. वर्षानं आमची बोट त्या जागी जाते आणि पाण्यात ठरलेला आवाज सोडते. तळाजवळ 'रिलीज' नावाचं उपकरण असतं, ते आवाज ओळखून उत्तर देतं आणि आपला हूक उघडतं. चाकं खाली राहतात, बाकी सगळं गोळ्यांच्या जोरावर वर येतं. मग ते ओढून घ्यायचं, यंत्रांतली माहिती उतरवायची, चिकटलेले शिंपले खरवडायचे, बॅटऱ्या बदलायच्या आणि नवी चाकं बांधून पुन्हा सोडायचं.

हे मी आमच्या तात्यांना, म्हणजे वडिलांना, किती वेळा समजावलं असेल त्याला गणती नाही. तात्यांचं उद्यमनगरात बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. हयात त्यांनी खोल पाण्यात मोटारी सोडण्यात आणि वर काढण्यात घालवली. त्यामुळे माझ्या कामातलं त्यांना सगळं कळतं आणि म्हणूनच काही पटत नाही.

"दोर बोटीला बांधल्याला नसतोय?" ते विचारायचे.

"नसतो."

"म्हंजे सोडायचा नि जायचं?"

"हो."

"आणि वर्षानं हाक मारली की येतंय."

"येतं."

"आमच्यात दोर सुटला की मोटार गेली. मग गिऱ्हाईक मारायला उठतंय," असं म्हणून ते आमटी ओरपायचे. दुकानात मात्र येईल त्याला सांगायचे, "आमची सोनल समुद्रावर असती." नेमकं काय करते असं कुणी विचारलं की विषय बदलायचे. मला ते दिसायचं. मी मनाला लावून घ्यायची नाही, म्हणजे लावून घ्यायची, पण बोलायची नाही.

या वर्षीचं मूरिंग माझं होतं. गेल्या खेपेला त्याची प्रत्येक कडी मी स्वतः आवळली होती, रिलीज मी तपासून लावला होता. आमचे साहेब म्हणाले होते, "पुढच्या वर्षी ते काढताना डेकवर तुमचा शब्द चालेल." आजवर डेकवर कुणा बाईचा शब्द चालला नव्हता. पाऊस संपला होता, बोट पुढच्याच आठवड्यात निघणार होती. त्या आधी घरच्यांच्या समाधानाला म्हणून मी चार दिवस आले, आणि इथं पिराजीला माशांचा हिशेब विचारला जात होता.

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतःच आल्या. लक्ष्मीपुरीत काम होतं म्हणे, सहज डोकावल्या. सहज डोकावणाऱ्या बाईनं आमच्या फ्रीजचं दार पाणी घ्यायच्या निमित्तानं दोनदा उघडलं. मग माझ्याजवळ बसून त्यांनी माझा हात हातात घेतला, मायेनं नव्हे, भाजी बघून घेतात तसा.

"हे काय गं हाताला? एवढं घट्टं?"

"दोर ओढून झालेत."

"मोठी इंजिनेर म्हणालीस की. दोर वढायला गडी न्हाईत व्हय?"

"आहेत. मी पण ओढते."

"गडी किती, बायका किती?"

"बायका दोघी-तिघी. बाकी गडी."

आक्कांनी माझ्या आईकडे बघितलं. आईनं चहाच्या कपाकडे बघितलं. "आणि झोपायचं कुटं?" आक्का म्हणाल्या.

"समुद्रात," मी म्हणाले. आईनं मला चिमटा काढला. पण माझंही डोकं फिरलं होतं. माणसानं समोर बसून असं आडून आडून विचारावं, आणि मी खरं सांगितलं तरी चेहऱ्यावर 'बघू की' असं लिहिलेलं असावं. आक्का आंबट तोंड करून गेल्या. स्थळ हातचं गेलं म्हणून आई रुसली. मला बरं वाटलं, आणि जिन्यावरचा तो प्रश्न आठवून थोडं वाईटही वाटलं.

त्यानंतरच्या सकाळी साहेबांचा फोन आला. "अभिनंदन!" म्हणाले. मला वाटलं, कामाचं काहीतरी. "तुमचं लग्न ठरतंय असं कळलं. आम्ही तुमच्या जागी ऋतुराजला घेतलंय. तुम्ही निवांत घरचं कार्य उरका."

"सर, काहीतरी गैरसमज आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मुलाकडच्यांचा फोन होता. चौकशीसाठी. अहो, साहजिक आहे."

मी काही बोलेपर्यंत त्यांना दुसरा फोन आला. मी मोबाईल हातात धरून तशीच उभी राहिले. ऋतुराज चांगला मुलगा आहे, पण ते मूरिंग त्यानं बांधलेलं नाही. वर्षभर मी रात्री अंथरुणावर पडले की त्या हुकाचा विचार करायची. उघडेल ना? नीट लावला होता ना? आणि तो उघडताना मी शाहूपुरीत पोहे परतत असणार. मला इतका राग आला की रडूच यायला लागलं.

त्यात संध्याकाळी आई साखर घेऊन आली. "जयसिंगपूरचा होकार आला!"

होकार? आंबट तोंड करून गेलेल्या बाईकडून, एका दिवसात? आता मात्र मला सगळा डाव लख्ख दिसायला लागला. आधी माझ्या ऑफिसात फोन करायचा, माझी बोट बंद करायची, आणि बोट बंद झाली की होकार द्यायचा. घट्टे पडलेले हात चालतात, फक्त ते पोळपाटावर पाहिजेत. आणि सम्मेदला हे माहीत नसणार? जिन्यावर गोड गोड विचारणारा तोच तर नसेल? मी साखर तोंडात न घालता त्याला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर बोलावून घेतलं.

तो आला. मी भडाभडा सगळं बोलले. आजूबाजूला फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यानं खिशातून मोबाईल काढला, आक्कांना लावला आणि स्पीकर चालू केला.

"आक्का, सोनलच्या ऑफिसात फोन केल्तास का?"

"केल्ता की. चोरून न्हाय केला," आक्का ठसक्यात म्हणाल्या. "काल दुपारी केला. तिथला सायब म्हणाला, ती आता बोटीवर जात न्हाय, दुसरा माणूस घेतलाय. मग मी म्हटलं, चांगलं झालं, होकार कळवा. का? काय झालं?"

सम्मेदनं फोन बंद केला. मी हिशेब लावत होते. साहेबांचा मला फोन आला सकाळी, आक्कांनी केला दुपारी. म्हणजे आक्का फोन करायच्या आधीच माझी जागा गेली होती.

"आमच्यातलं दुसरं कोण करणार?" सम्मेद म्हणाला. "आक्का असताना दुसऱ्या कुणाची टाप हाय का?"

हे मात्र पटण्यासारखं होतं. मग कोण? मला ऋतुराजचासुद्धा संशय आला, इतकी मी त्या दिवशी पिसाळले होते. तिथंच कठड्याला टेकून मी साहेबांना पुन्हा फोन केला आणि म्हणाले, "सर, त्या पहिल्या फोनवर नेमकं कोण होतं आणि काय विचारलं, एवढं सांगा."

"नाव नाही सांगितलं त्यांनी. लग्नाच्या चौकशीसाठी फोन केलाय म्हणाले. वयस्कर गृहस्थ होते, भले वाटले. बोट खरंच असते का, तुम्ही डेकवर काम करता म्हणजे काय करता, कंबरेला पट्टा बांधता का." साहेब जरा हसले. "आणि हो, बोट हलली की तिला अजून उलटी होते का, असं विचारलं. सांगली येईस्तोवर एसटीत पिशवी धरावी लागायची म्हणे."

ती पिशवी धरणारा माणूस जगात एकच आहे.

सम्मेदनं 'काय झालं' असं विचारलं. मी त्याला सांगितलं नाही. नुसतं "चुकले, माफ कर" म्हणाले आणि रिक्षा करून थेट उद्यमनगर गाठलं.

तात्या दुकानात एका मोटारीचं तोंड उघडून बसले होते. समोर हातकणंगल्याचं एक गिऱ्हाईक, बाजूला त्यांचा जुना कारागीर आकाराम. मी सगळ्यांसमोर विचारलं.

"तात्या, माझ्या ऑफिसात फोन तुम्ही केला?"

ते खोटं बोलत नाहीत. पाना खाली ठेवून म्हणाले, "केला."

"का?"

"आक्का करणार हुती ते दिसतच हुतं. मी म्हटलं, तिच्या आधी आपण करून बघू, काय उत्तर येतंय ते. वाईट आलं तर आपल्याला आधी कळलं पायजे का नको?" आणि एकदम त्यांचा चेहरा फुलला. "पर चांगलं उत्तर आलं की गं! समदं खरं हाय म्हणाले. बोट हाय, त्ये पिवळं गोळं हाईत, हाक मारली की वर येतंय म्हणाले. तू डेकवर असतीस, पट्टा बांधून असतीस. मोठी हुशार हाय म्हणाले तुमची..." इथं ते अडखळले. "तुमची म्हंजे, ती पोरगी."

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर माझ्या पदवीच्या दिवशीही बघितला नव्हता. आणि त्या आनंदानंच माझ्या काळजाला घरं पडली.

"इतकी वर्षं मी हेच सांगतेय, तात्या. तेव्हा खोटं वाटत होतं?"

गिऱ्हाईक मोटारीकडे बघायला लागलं. आकाराम बाहेर जायला निघाला आणि दारातच घुटमळला.

"खोटं न्हवं गं," तात्या म्हणाले. "तू हॉस्टेलला तापानं फणफणल्यालीस, तरी फोनवर बरी हाय म्हणालीस. फी भरायला आपल्याकडं नसताना सर थांबतो म्हणाले म्हणून सांगितलंस. आम्हांला घोर नको म्हणून पोरं काय बी सांगतात. मग समुद्रातनं सांगशील त्ये खरं कशावरनं?"

ते सगळं खरंच होतं. पण राग होता. "तुमच्या त्या फोननं माझी जागा गेली. बोट मला सोडून चाललीय. ते मूरिंग आता दुसरा माणूस वर काढणार."

त्यांना हे ठाऊकच नव्हतं. तोंडावरचा सगळा रंग उतरला. मी तिथंच साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. लग्न ठरलेलं नाही, तो पहिला फोन मुलाकडच्यांचा नव्हता, मला यायचं आहे, असं स्वच्छ सांगितलं. साहेब चाचरले. "तसं बघायला गेलं तर अजून वेळ आहे. पण तुमच्या घरून कुणीतरी सांगितलं तर बरं होईल. उद्या आमच्यावर यायला नको."

मी काही बोलायच्या आत तात्यांनी फोन ओढून घेतला.

"सायब, परवा फोन करणारा मीच. मुलाकडचा न्हवं, मी तिचा बाप. लग्न बिग्न काय ठरल्यालं न्हाय. माझी चूक झाली. पोरगी येतीया, तिला घ्या."

गिऱ्हाइकासमोर, आकारामसमोर. ज्या माणसानं उभ्या बाजारात कधी कुणाचा शब्द ऐकून घेतला नाही, तो फोनवरच्या अनोळखी साहेबाला चूक झाली म्हणत होता. साहेब लगेच म्हणाले, "ठीक आहे, पाठवा." तेवढ्यानं काम झालं. मला हवं होतं ते मिळालं, आणि तरी मला आणखीच राग आला. एवढी शिकले, एवढे दोर ओढले, आणि माझा शब्द चालायला शेवटी तात्यांचाच शब्द लागला.

संध्याकाळपर्यंत जयसिंगपूरला बातमी पोचली. आक्कांनी होकार परत घेतला. सम्मेदचा तेवढा मेसेज आला, 'आक्काचं मी बघतो. तू जाऊन ये.' आई माझ्याशी बोलत नव्हती, पण पिशवीत भडंगाची दोन पाकिटं तिनंच कोंबली. तात्या स्टँडवर सोडायला आले.

मूरिंगच्या जागेवर पोचलो त्या सकाळी समुद्र शांत होता. आवाज सोडायचं यंत्र केबलला लावून पाण्यात सोडलं. मी बटण दाबलं. थोड्या वेळानं खालून उत्तर आलं. वर्षभर अंधारात, थंडीत, एवढ्या पाण्याच्या दाबाखाली ते तिथं उभं होतं आणि पहिल्या हाकेला ओ दिली. मी हूक उघडायची खूण पाठवली. उघडला, असं उत्तर आलं.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारायला लागले तेव्हा मदतीला म्हणून बोटीवर आलेला ऋतुराज म्हणाला, "मॅडम, सांगितलं की त्यानं." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आकडा शोधायला निघून गेला.

मग सगळे कठड्याशी उभे राहून पाणी निरखायला लागलो. चकाकणारी प्रत्येक लाट पिवळी वाटत होती. शेवटी पहिला गोळा वर आला, मग दुसरा, मग सगळी माळच. डेकवर एकच ओरडा झाला. मी ओरडले नाही, मला काम होतं. बोट कुठून वळवायची, आकडा कधी टाकायचा, दोर ओढणारा विंच कधी थांबवायचा, हे सगळं मी सांगत होते आणि गडी ऐकत होते. एका प्रवाहमापकाला कुठल्यातरी जाळ्याचा दोर गुंडाळून तो वाकडा झाला होता. बाकी सगळं धड होतं. शिंपल्यांचा वास अंगाला लागला तो आंघोळीनंही जाईना.

बोटीवर उपग्रहाचा फोन आहे, तिथं प्रत्येकाला मिनिटभर मिळतं. एरवी माझी पाळी मी दुसऱ्याला द्यायची. त्या दिवशी घेतली. दुकानाचा नंबर लावला. मागं मोटारीची घरघर ऐकू आली.

"तात्या, सोनल बोलतेय."

"बरी हाईस न्हवं?" आणि लगेच, दबक्या आवाजात, "आलं का वर?"

"आलं. सगळं आलं."

"फोटो पाठव की."

मी डोळे मिटले. "इथून फोटो जात नाही, तात्या. साहेबांनाही फोन लागणार नाही, तेही इथं बोटीवरच आहेत. मी सांगतेय तेवढंच आहे."

पलीकडून नुसती घरघर. मिनिट संपत आलं होतं. मला वाटलं, गेला फोन.

"बरं," तात्या म्हणाले. फोन ठेवायचा राहिला असावा, कारण ते दुकानात कुणाशीतरी मोठ्यानं बोललेलं मला स्वच्छ ऐकू आलं. "वर आलं. समदं आलं. कोण म्हणालं म्हंजे? आमची सोनल म्हणाली की!"